सुईपासून उणे ८० पर्यंत

पहाटे ५.४०
पुणे, कोथरूड. घरोघरी रक्ताचे नमुने घेणाऱ्या ताई स्कूटरच्या डिकीत थंड पेटी ठेवतात. आत जेल-पॅक, जांभळ्या झाकणाच्या नळ्या, पट्टा, स्पिरिटचे बोळे. घरामागे १२० रुपये मिळतात. पेट्रोल स्वतःचं.

६.१५
पहिलं घर, तिसरा मजला. बँकेतून निवृत्त झालेले ठणठणीत काका. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाला अशीच धडधाकट माणसं हवी आहेत.

"चहा घेतला नाही ना, काका?"

"रात्री आठपासून पाण्याशिवाय काही नाही."

पट्टा आवळला. ताईंचा भरवसा डोळ्यांपेक्षा बोटावर. शीर त्या चाचपूनच शोधतात. नळी भरली की आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी. जोरात हलवली तर पेशी फुटतात, सॅम्पल वाया. लेबलवर नाव नाही, नंबर आणि वेळ.

"पुढे मला विसरायला होणार का, हे यात कळेल का हो?"

"हा रिपोर्ट तुम्हाला मिळणार नाही, काका. फॉर्मवर लिहिलं होतं बघा."

"आहे लक्षात. आईला झालं होतं, म्हणून विचारलं."

ताई बोळा दाबून धरायला सांगतात. मिनिटभर जास्तच थांबतात.

८.०५
चार घरं झाली. लॅब. सेंट्रिफ्यूजमध्ये नळ्या समोरासमोर, सारख्या वजनाच्या. १० मिनिटं. वर पिवळसर प्लाझ्मा, मध्ये पांढरी साय, तळाला लाल. टेक्निशियन पिपेटनं प्लाझ्मा उचलतो, टोक सायीला लागू देत नाही. सायही टाकत नाही, डीएनए तिच्यातच.

८.३०
प्लाझ्मा पॉलिप्रॉपिलीनच्या कुप्यांत. काच चालत नाही. अल्झायमरशी जोडलेलं अमायलॉइड हे प्रथिन काचेला चिकटतं आणि आकडा उगाच कमी येतो.

ॲपो-ई हे चरबी वाहून नेणारं प्रथिन. त्याच्या जनुकाचा ई-४ प्रकार असेल तर अल्झायमरचा धोका वाढतो, हे १९९३ पासून माहीत आहे. डेन्मार्कमधल्या ७५ हजारांहून जास्त लोकांवरच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रथिन कमी असणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त दिसला. म्हणून एका कुपीत ॲपो-ई मोजायचं, दुसरीत अल्झायमरशीच जोडलेली दोन प्रथिनं, पी-टाऊ२१७ आणि अमायलॉइड. विसरणं सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी या दुसऱ्या कुपीतले आकडे हलतात. इतक्या आधीचं बघायचं, तर सकाळचा हा वेळ जपायलाच हवा.

९.१०
कुप्या उणे ८० च्या फ्रीझरमध्ये. खण आणि रांग वहीत. टेक्निशियन नंबर मोठ्यानं वाचतो, ताई टिक करतात.

९.२५
खाली टपरीवर पोहे, २५ रुपये. उद्या पाच घरं. त्यातल्या एका आजींची शीर मागच्या वेळी सापडता सापडत नव्हती. ताईंनी बारीक बटरफ्लाय सुई आत्ताच पेटीत टाकली.