बर्फावरचा पैसा – भाग ७ : गोलरक्षक आणि लांबलचक करार

गेल्या आठवड्यात आपण नॅशनल हॉकी लीगची पगारमर्यादा पाहिली. सगळ्या खेळाडूंचे पगार एका ठरावीक रकमेत बसवायचे असल्याने एक करार फसला की अख्ख्या संघाची घडी विस्कटते. गोलरक्षकाच्या करारात हा धोका सर्वांत मोठा.

न्यूयॉर्क आयलंडर्सने २००६ मध्ये रिक डिपिएट्रोशी तब्बल १५ वर्षांचा, पावणेसात कोटी डॉलरचा करार केला. पुढे दुखापतींनी त्याला असं घेरलं की अखेरच्या पाच हंगामांत मिळून तो ५० सामने खेळला. २०१३ मध्ये करार मोडला, तरी २०२९ पर्यंत त्याला दरवर्षी १५ लाख डॉलर द्यायचेच आहेत.

शरीराचा हा प्रश्न खेळण्याच्या पद्धतीतच आहे. फटका आला की आजचा गोलरक्षक दोन्ही गुडघे आत वळवून बर्फावर टेकतो, पावलं बाहेर फेकतो, आणि पायांच्या पॅडनी जाळीची खालची बाजू बंद करतो. मांडीचं हाड दर वेळी खुब्यात आत फिरतं. सामन्यात आणि सरावात, वर्षानुवर्षं.

पण मला त्याहून मोठा धोका दिसतो तो आकड्यांत. नियमित गोलरक्षकावर हंगामात साधारण दीड हजार फटके येतात. शंभरातले ९१ अडवणारा चांगला, ९० अडवणारा बेताचा. म्हणजे पूर्ण हंगामात फरक पडतो पंधराएक गोलांचा, आणि त्यातले कितीतरी गोल कुणाच्या स्टिकला लागून दिशा बदललेल्या पकमुळे होतात. एका चांगल्या हंगामात कौशल्य किती आणि नशीब किती, हे सांगणं अवघड. करार मात्र बहुतेकदा अशाच हंगामानंतर होतात.

सर्गेई बोब्रोव्स्कीचं पाहा. सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी दोनदा जिंकलेल्या या तिशीतल्या खेळाडूला फ्लोरिडा पँथर्सने २०१९ मध्ये सात वर्षांसाठी सात कोटी डॉलर दिले. पहिल्याच हंगामात त्याने शंभरातले ९० अडवले. २०२३ च्या प्ले-ऑफची सुरुवात त्याने बाकावर बसून केली. मग तोच संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला, आणि २०२४ व २०२५ मध्ये स्टॅनली कप आला. लांब करारांच्या बाजूने हे उदाहरण देणाऱ्यांनी मधली चार वर्षंही सांगावीत.

आघाडीचा खेळाडू मंदावला तर त्याला तिसऱ्या फळीत खेळवता येतं. जाळीसमोर जागा एकच. शिवाय दीर्घ दुखापतीला नियमांत सवलत आहे. माँट्रियलचा कॅरी प्राइस गुडघ्यामुळे थांबला, तेव्हा त्याच्या वार्षिक १ कोटी ५ लाख डॉलरच्या करारात संघाला तीच उपयोगी पडली. नुसता फॉर्म गेला तर कसलीच सवलत नाही. जॅक कॅम्पबेलशी २०२२ मध्ये केलेला पाच वर्षांचा करार एडमंटनने दोनच वर्षांत मोडला, पण त्याचा भार २०३० पर्यंत त्यांच्या पगारमर्यादेवर राहणार आहे.

तरीही डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने इगोर शेस्टर्किनला आठ वर्षांसाठी ९ कोटी २० लाख डॉलर दिले. त्याच्या गुणवत्तेबद्दल दुमत नाही, पण करार संपेल तेव्हा तो ३७ वर्षांचा असेल. सप्टेंबर २०२६ पासून अशा करारांची कमाल मुदत सात वर्षांवर येते आहे. गोलरक्षकांसाठी मला तीही फार वाटते. वर्षाचा पगार हवा तर वाढवा, पण मुदत चार वर्षांपलीकडे नको.