जुन्या जीपच्या गिअर बॉक्सची गळती

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेकडील अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या रांगांत वसलेले असून, १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा धुळ्यापासून वेगळा होण्याच्या पुष्कळ आधीपासून तेथील पाड्यांना धडगाव-मोलगीच्या बाजारांशी जोडणारे वाहन म्हणून जीप परिचित आहे. मुंबईत महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्याच घराण्यातील सीजे-थ्रीबी हे उंच बॉनेटचे मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात तयार होत होते, आणि तेथे ते बंद पडल्यानंतरही भारतात त्याचे उत्पादन दीर्घकाळ चालू राहिले. यांपैकी ज्या गाड्या ५० वर्षांहून जुन्या आहेत आणि ज्यांच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, त्यांना जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ‘व्हिंटेज’ वाहन म्हणून नोंदवता येते. अशी गाडी जपणाऱ्यांच्या तक्रारींत गिअर बॉक्सखाली रोज सकाळी उमटणारा ऑइलचा डाग ही बहुधा सर्वांत चिवट तक्रार असते.

जीप म्हटली की ती गळणारच, असा समज गॅरेजांतून रूढ आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे. परंतु या समजामुळे गळतीचे कारण न शोधता नुसते सील बदलण्याची जी सवय लागते, ती गाडीला महागात पडते. सील हा बहुतेक वेळा गळतीचा बळी असतो, कारण मात्र अन्यत्र दडलेले असते.

या जीपमध्ये टी-९० नावाचा तीन गतींचा, बिडाच्या खोळीतला गिअर बॉक्स असतो आणि त्याच्या पाठीस स्पायसर १८ हा ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या व मागच्या चाकांत वाटणारा दुसरा डबा, जोडलेला असतो. टी-९० मध्ये ऑइल दीड लिटरपेक्षाही कमी मावते, आणि तेथे पंप नसल्यामुळे खालच्या शाफ्टचे दाते ऑइलात बुडून फिरतात व तेच ऑइल उडवून वरच्या दात्यांना व बेअरिंगांना न्हाऊ घालतात. सपाटीवर हे काम शांतपणे चालते. पण तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावकडे जाणारी किंवा शहाद्याकडून सुमारे १,१५० मीटर उंचीच्या तोरणमाळकडे निघालेली भरलेली जीप बराच वेळ खालच्या गिअरमध्ये राहते, आणि उतरतानाही ब्रेक तापू नयेत म्हणून त्याच गिअरवर रोखली जाते. दात्यांवरचा भार त्यामुळे दोन्ही दिशांनी टिकून राहतो, ऑइल तापून पातळ होते आणि डब्यातली हवा प्रसरण पावते. ही वाढलेली हवा बाहेर सोडण्यासाठी ब्रीदर नावाचे एक बारीक छिद्र ठेवलेले असते. सातपुड्याच्या वाटांवरची धूळ आणि चिकट ऑइल यांच्या लगद्याने ते बुजले, तर आतला दाब वाट शोधत सीलच्या ओठापाशी पोहोचतो आणि नवे कोरे सीलही गळू लागते. पावसाळ्यात तापलेला डबा नाल्याच्या पाण्यात बुडाला, की हीच क्रिया उलटी होते. हवा आकसून झिजलेल्या सीलवाटे पाणी आत ओढले जाते आणि ऑइल ताकासारखे पांढुरके दिसू लागते. म्हणून कोणताही पाना हाती घेण्यापूर्वी ब्रीदर साफ करणे, हे या दुरुस्तीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरले जाणारे काम आहे.

गळतीची जागा शोधणे त्याहून कठीण असते, कारण धावत्या गाडीखालचा वारा ऑइलला मागे ढकलतो आणि थेंब सर्वांत खालच्या बोल्टवरून पडत असला, तरी तो उगम पावतो हातभर पुढे किंवा वर. दोन्ही डबे रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन कोरडे पुसावेत, त्यांवर शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी आणि गाडी पाच-दहा किलोमीटर चालवून आणावी. पांढऱ्या पुडीवर पहिली ओली रेघ जेथे उमटते, तेथे उगम असतो. क्लचची घंटेच्या आकाराची खोळ ज्या तळच्या छिद्रातून ठिबकते, तेथे मात्र पूड उपयोगी पडत नाही, कारण ते ऑइल इंजिनाच्या मागच्या सीलचे आहे की गिअर बॉक्सच्या पुढच्या तोंडाचे, हे बाहेरून कळत नाही. अशा वेळी नाक हेच उपकरण ठरते. गिअर ऑइलमध्ये दात्यांवरचा दाब सोसण्यासाठी गंधकयुक्त द्रव्ये मिसळलेली असल्याने त्याला एक उग्र वास असतो, तर वापरलेले इंजिन ऑइल काळे, पातळ आणि किंचित जळकट वासाचे असते.

या पुढच्या तोंडाची रचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्या काळच्या अनेक गिअर बॉक्सांत तेथे केवळ सीलवर भिस्त नसे. फिरणारी चकती ऑइलला मागे फेकत असे आणि बेअरिंग धरून ठेवणाऱ्या झाकणातील एका छिद्रावाटे ते पुन्हा डब्यात परतत असे. टी-९० च्या झाकणाखालचे पॅकिंग, म्हणजे दोन धातूंमधला कागदी थर, उलटे बसले आणि त्याचे छिद्र खोळीतील छिद्राशी जुळले नाही, तर परतीची वाट बंद होऊन ऑइल थेट क्लच प्लेटकडे जाते आणि घाटात क्लच घसरू लागतो. सिलिकॉनचा जाड थर देण्याची आजची पद्धत याच कारणाने घातक ठरते. दाबाने आत ढकललेल्या त्याच्या कडा तुटून हीच छिद्रे बुजवतात. त्यापेक्षा पॅकिंगचा कागद खोळीच्या कडेवर ठेवून हातोडीने हलके ठोकत कापून घेण्याची जुन्या मिस्त्रींची रीत कितीतरी निर्धोक आहे.

दुसरी जागा ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाची. सीजे-थ्रीबीचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टच्या सुरुवातीस, याच टोकावरील ड्रमात असतो. तेथील सील गळले, की ऑइल ब्रेकच्या पट्ट्यांवर चढते आणि चढावर उभी केलेली गाडी हँडब्रेकला दाद देत नाही. येथे सील काढल्यावर त्याच्या ओठाखाली फिरणाऱ्या भागावर नखाला जाणवेल अशी चर पडली आहे का, हे पाहावे लागते. तशी चर असल्यास नवे सील काही दिवसांतच गळते, आणि तो भाग बदलणे किंवा त्यावर पातळ पोलादी नळी चढवणे एवढाच उपाय उरतो. शाफ्ट हाताने वरखाली हलत असेल, तर दोष बेअरिंगचा आहे. डगमगणाऱ्या शाफ्टला कोणताही ओठ धरून ठेवू शकत नाही.

नवे सील बसवताना त्याची स्प्रिंग असलेली बाजू ऑइलकडे ठेवावी, ओठाला ऑइल लावावे आणि सीलच्या बाहेरच्या कडेइतक्या रुंद पाइपने ते चहूबाजूंनी सारखे ठोकत न्यावे. जुन्या साठ्यातील चामड्याचे सील मिळाल्यास ते आधी ऑइलात भिजवावे लागते, कारण कोरडे चामडे पहिल्याच फेरीत होरपळते.

ऑइल भरण्याचा प्रश्न किरकोळ वाटतो, तरी तेथेही चुका होतात. टी-९० मध्ये दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला सिंक्रोनायझरच्या पितळी कड्या असतात. त्या दात्यांचा वेग जुळवून घेतात, आणि बाजारात सहज मिळणाऱ्या जीएल-५ दर्जाच्या अनेक ऑइलांतील तीव्र द्रव्ये या पितळाला मानवत नाहीत. जीएल-४ दर्जाचे ९० क्रमांकाचे ऑइल येथे अधिक योग्य होय. जुने ऑइल सोडण्यापूर्वी भरण्याचे बूच आधी सुटते का, हे तपासावे; डबा रिकामा केल्यावर वरच्या बुचाचे आटे गंजून अडकल्याचे कळले, तर गाडी जागेवरच अडकते. पातळी भरण्याच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंतच ठेवायची असते.

सर्वांत फसवी गळती मात्र जमिनीवर कधीच दिसत नाही. दोन डब्यांमधले, मुख्य शाफ्टभोवतीचे सील झिजले, की गिअर बॉक्समधले ऑइल मुकाट्याने ट्रान्सफर केसमध्ये उतरते; एक डबा कोरडा पडत जातो, दुसरा गरजेपेक्षा जास्त भरतो आणि त्याची चांगली सीलेही गळू लागतात. म्हणून दुरुस्तीनंतर भरलेली जीप धडगावपर्यंत नेऊन पुन्हा तळोद्याला उतरवावी, ती सपाट जागी रात्रभर निववावी आणि सकाळी दोन्ही बुचे उघडून पाहावीत. ट्रान्सफर केसच्या बुचातून जास्तीचे ऑइल ओघळले आणि गिअर बॉक्सच्या छिद्रात घातलेले बोट कोरडे बाहेर आले, तर खाली पसरलेला पुठ्ठा कितीही स्वच्छ असला, तरी दोन्ही डबे उतरवून काम त्या मधल्या सीलपासून पुन्हा सुरू करावे लागते.