खडकावरचे नाव, कागदावरचा अंगठा

कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत जावे, तेथून राजमाचीच्या पायथ्याची रानवाट चढावी, म्हणजे झाडीआड दडलेली कोंडाण्याची लेणी समोर उभी राहतात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागी, डाव्या अंगास, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरलेली आहे; कन्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढेच ती प्राकृतात सांगते. सुमारे दोन हजार वर्षे सह्याद्रीचा पाऊस सोसून टिकलेल्या या ओळीत कोणा राजाची प्रशस्ती नाही. काम करणाऱ्याचे आणि त्याला शिकविणाऱ्याचे अशी दोनच नावे तिच्यात आहेत. अंतेवासी या शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणारा. गुरूच्या निकट राहून जो विद्या घेतो तो शिष्य. कर्जत-खालापूरच्या मुलखातील वाचनाचा विचार करू लागले, की हा शब्द मला वारंवार आठवतो. कारण अक्षर जवळिकीने येते आणि जवळीक तुटली की निघून जाते, हाच साक्षरतेच्या आजवरच्या साऱ्या खटाटोपाचा धडा आहे, असे माझे मत झाले आहे.

ज्या खोऱ्यात नाव कोरण्याची विद्या इतकी प्राचीन, त्याच खोऱ्यातील कुणबी, ठाकूर आणि कातकरी कुटुंबांच्या वाट्याला पुढे पिढ्यान्‌पिढ्या आली ती शाई फासलेल्या अंगठ्याची निशाणी. कर्जरोख्यात मुद्दल किती मांडले, व्याजाचा दर कोणता ठरला, मुदत केव्हा सरते, हे ज्याला वाचता येत नाही, त्याने दस्तऐवजाच्या तळाशी अंगठा टेकवावा आणि खळ्यावरचे भात दुसऱ्याच्या कणगीत जाताना मुकाट्याने पाहावे, अशी ती रीत होती. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले आणि वकिलीचे शिक्षण घेतलेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी ही रीत जवळून पाहिली होती. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना हौतात्म्य आले, म्हणून आपण त्यांना क्रांतिकारक म्हणून स्मरतो, आणि ते यथार्थच आहे. परंतु त्यापूर्वी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी शाळा ही दोन्ही कामे त्यांनी हाती घेतली होती, हे विसरता कामा नये. उपासमार आणि निरक्षरता यांचे खाते एकाच वहीत मांडलेले असते, हे ज्याला उमगले, त्याचेच ते कार्य होते.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरांचे प्रमाण शेकडा १८.३३ भरले. पुढे १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि लवकरच ती राज्यभर पसरली. प्रौढांनी कामधाम आटोपून वर्गात बसावे, शिक्षकांनी आणि शिकलेल्या गावकऱ्यांनी शिकवावे, आणि सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ साजरा करावा, अशी तिची उदात्त योजना होती. परंतु समारंभ आटोपला, मंडप उतरला आणि नवसाक्षराच्या हाती वाचण्याजोगे काही उरले नाही, तेव्हा अनेक ठिकाणी शिकलेली अक्षरे पुन्हा पुसट झाली. यात दोष शिकणाऱ्यांच्या बुद्धीचा नव्हता. आडाला पाणी लागले खरे, पण पोहरा कोणी ठेवला नाही.

आज स्थिती पुष्कळ पालटली आहे. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्यातील साक्षरांचे प्रमाण शेकडा ८३ च्या वर गेले. जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते, ती साक्षर. या व्याख्येतला ‘समजून’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. जो एकेक अक्षर जुळवीत वाचतो, त्याची सारी शक्ती जुळणीतच खर्ची पडते, आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ मनातून निसटलेला असतो. ही जुळणी हातवळणी पडून नजर शब्दांवरून सहज धावू लागली, तरच मन अर्थाकडे वळते. आणि ती सहजता पाठ्यपुस्तकाच्या ठरावीक पानांनी येत नाही, पुष्कळ आणि आवडीचे वाचल्यानेच येते.

कातकरी वाडीतल्या मुलाला नेमके हेच दुर्लभ असते. एक तर घरातली बोली आणि पुस्तकातली मराठी यांत अंतर. त्यातच भातकापणी सरली, मुकादमाची उचल घेतली, की वाडीच्या वाडी वीटभट्टीच्या वाटेला लागते. चूलबोळके, कोंबड्या आणि पोरेबाळे घेऊन निघालेली ती कुटुंबे पाऊस तोंडावर आल्यावर परततात. तोवर शाळेचे दुसरे सत्र संपलेले असते. भट्टीवरच्या खोपटाला भोंगा म्हणतात. त्या भोंग्यांपाशीच वर्ग भरविणाऱ्या ‘भोंगाशाळा’ विधायक संसद या संस्थेने ठाणे जिल्ह्यात चालविल्या, तेव्हा मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे तत्त्व प्रत्यक्षात उतरले.

प्रौढांची गरज याहून निराळी, पण तितकीच निकडीची. २००६ च्या वनहक्क कायद्याने ठाकूर-कातकऱ्यांना कसत्या वनजमिनीवर दावा सांगता येतो, आणि दावा मंजूर झाला की पट्टा पतिपत्नीच्या संयुक्त नावे होतो. ज्या बाईचे नाव आजवर कोणत्याही सरकारी दफ्तरात जमिनीपुढे लागले नव्हते, तिचे नाव त्या कागदावर येते. तो कागद तिने ट्रंकेच्या तळाशी लुगड्याच्या घडीत जपून ठेवावा, आणि त्यातले क्षेत्र किती, चतुःसीमा कोणत्या, हे जाणण्यासाठी मात्र दुसऱ्याचे तोंड पाहावे, यापरते शल्य कोणते? पंधरा वर्षांपुढील निरक्षरांसाठी चालू असलेल्या ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमात वाचन, लेखन आणि गणन यांची प्रत्येकी ५० गुणांची परीक्षा असते. तिचे प्रमाणपत्र अभिमानाने भिंतीवर लावावे; मात्र त्यानंतर त्या घरात वाचण्याजोगे काय येणार, हा प्रश्न त्याच दिवशी विचारला पाहिजे.

त्याचे उत्तर आपल्या परंपरेत आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, आणि त्या संस्थानात लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. खालापूर, खोपोली, चौक, कर्जत, नेरळ येथून एकेक पेटी निघून डोंगराच्या वाडीत जावी, महिन्याने बदलावी, आणि दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकमधून भट्टीवरही जावी, यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. त्या पेटीत वाडीचे स्वतःचेही पुस्तक असावे. आजीने आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट नातीने वहीत उतरून घ्यावी आणि दुसऱ्या संध्याकाळी तिलाच वाचून दाखवावी. आपलेच शब्द कागदावरून परत आलेले ऐकताना अक्षरांविषयीचे भय ओसरते. पुढच्या ओळीवर नात क्षणभर थांबली, तर तो शब्द आजीच पुरा करते, कारण तो तिचाच असतो. मग बोट शब्दावर ठेवून ‘हा कुठला गं?’ असे ती विचारते, आणि तिचे शिक्षण सुरू होते.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीस, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. त्या दिवशीची पुस्तके उरलेल्या दिवसांतही वाडीत राहिली पाहिजेत, आणि पुस्तकाशेजारी कोणी तरी माणूस बसला पाहिजे. कोंडाण्याच्या त्या ओळीत बलकाने आपल्या नावाआधी गुरूचे नाव येऊ दिले, ते याच जवळिकीचे ऋण होते. कंदिलाच्या उजेडात आजीच्या बोटाला शब्द दाखविणारी ती नात आज गुरूच्या जागी आहे, आणि अंतेवासी तिची आजी आहे.