करुणेचा कारभार

१८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून आरंभ करून शाळा, दवाखाने व अनाथाश्रम यांची सनावळी मांडण्याची जी वहिवाट आमच्याकडील आढावालेखांत पडली आहे, ती या खेपेस मी मोडणार आहे. कारण ती सनावळी ‘ज्ञानोदया’च्या जुन्या वाचकांना पाठ आहे आणि इतरांना तिचे सोयरसुतक नाही. शिवाय मला जे सांगावयाचे आहे ते सनावळीत मावत नाही. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तावरील आमच्या पाळकांची प्रवचने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतण्यापाशी गहिवरून थांबतात. परंतु त्याच वाटसरूने दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराच्या हाती दोन नाणी ठेवून पुढील खर्चाची हमी घेतली, हा कथेचा कारभारी उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती सेवेत जे टिकले, ते या उत्तरार्धामुळे टिकले.

म्हणून माझा मुक्काम केडगावी. तरुणपणी दुष्काळातील भटकंतीत आई, वडील आणि बहीण गमावलेल्या पंडिता रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्यप्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुली व विधवा घेऊन परतल्या, हे सर्वश्रुत आहे. १९००च्या दुष्काळानंतर त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदन आश्रमातील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांना दोन वेळ जेवू घालणे हेच कोणत्याही मामलेदाराला घाम फोडणारे काम. परंतु बाईंनी अन्नछत्रावर समाधान मानले नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा अशी कामे उभी राहिली, अंध स्त्रियांना कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल शिकविले, आणि या सर्वांहून मला प्रिय असलेला छापखाना निघाला.

देवनागरीची जुळणी म्हणजे काय, हे आजच्या संगणकी पिढीला सांगावे लागेल. नगरच्या एका छापखान्यात प्रुफे वाचण्याच्या निमित्ताने मी ती जवळून पाहिली आहे. समोर खिळ्यांची शेकडो घरे, डाव्या हातात स्टिक, अक्षरे सारी उलटी. अर्धे अक्षर एका घरात, रफार दुसऱ्यात, आणि फर्मा छापून झाला की तेच खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या घरी टाकावयाचे. नजर जरा ढळली की ‘दिन’चा ‘दीन’ होतो. हे काम केडगावात बायकांनी केले; ज्यांच्यापैकी कित्येकींना आश्रमात येईपर्यंत अक्षराची ओळखही नव्हती, त्यांनी रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेल्या संपूर्ण बायबलाचे खिळे जुळविले, आणि बाई १९२२ साली निवर्तल्यावर १९२४ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या भाषांतराच्या शैलीवर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. जुळारणीच्या बोटांना अक्षर ओळखू येऊ लागले, त्या घटकेस जे घडले त्याला मी आशा म्हणतो.

हे सारे धर्मांतराचे आमिष होते, असे आमचे काही व्यासंगी प्रतिपक्षी आजही ठासून लिहितात. रमाबाईंनी आपली श्रद्धा कधी झाकून ठेवली नाही, आणि आश्रमात ख्रिस्ती उपासना चाले हेही उघड होते. मात्र त्यांना सरकारच्या मर्जीतील बाई ठरविणाऱ्यांनी १८९७ साल जरा उलगडून पाहावे. पुण्याच्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी दुर्दशा होत होती तिच्याविषयी जाहीर पत्र लिहून याच बाईंनी इंग्रज अंमलदारांना अडचणीत आणले होते.

मिरजेस डॉ. वानलेसांनी १८९४ साली उभारलेले रुग्णालय, ठिकठिकाणची कुष्ठधामे, वसतिगृहे यांविषयी इतके लिहिले गेले आहे की मी नमस्कार करून पुढे जातो. स्वातंत्र्योत्तर काळात मला केडगावचे खरे वंशज दिसले ते जामखेडला. वेल्लोरला शिकलेल्या रजनीकांत व मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात ठाण मांडले आणि डॉक्टरकीची गुपिते खेड्यांतील बायकांच्या स्वाधीन केली. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या. बाळंतपण कसे करावे, जुलाब लागलेल्या पोराला साखर-मिठाचे पाणी कसे द्यावे, हे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या मंडळींत जो सत्कारांचा धूमधडाका उडाला, त्याच्या शतांश उत्साहानेही कोणी आपल्या तालुक्यात तसा उपक्रम काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता तर मंडळ्यांची दप्तरे जमिनींच्या खटल्यांनी भरली आहेत, आणि ज्या आवारांत रोग्यांच्या रांगा लागत तेथे भाडेकरारांची बोलणी चालतात. आशेवरील प्रवचनांना तोटा नाही, ध्वनिक्षेपकही पूर्वीपेक्षा दणदणीत आहेत. मध्यंतरी अशाच एका मेळाव्यात मी जुळारणींचा विषय काढला, तो संयोजकांची चिठ्ठी आली: वेळ संपत आली आहे, आणि पाहुण्यांचे हार अजून घालावयाचे आहेत.