‘टेक ऑफ’: उपसर्ग पुढे की मागे?

विमान ‘टेक ऑफ घेते’ हे आपल्याकडे शाळकरी मूलही सांगेल. (‘टेक’मध्ये एकदा घेणे आलेच आहे, तरी आपण पुन्हा ‘घेतो’, ही आणखी एक गंमत.) इंग्रजीत मात्र याच दोन शब्दांच्या जोडीने पायातले बूट काढले जातात, एखादा धंदा जोरात चालू लागतो, किमतीतून दहा टक्के कमी होतात, कोणाची तरी नक्कल केली जाते, आणि कोणी एकाएकी निघूनही जातो. ‘टेक’ म्हणजे घेणे आणि ‘ऑफ’ म्हणजे अलग, दूर, एवढेच ठाऊक असलेल्या परक्या माणसाने यातले काय ओळखावे? हा प्रश्न आपण रशियन भाषक विद्यार्थ्याच्या बाकावर बसून सोडवून पाहू. रशियनच का? कारण त्या भाषेतील क्रियापदांची घडण संस्कृतमुळे आपल्याला परकी वाटत नाही, आणि अडचण नेमकी कुठे आहे ते तिच्यात स्वच्छ दिसते.

रशियन माणूस टोपी काढतो तेव्हा ‘स्न्यात्’ हे क्रियापद वापरतो. ते उकलून पाहिले तर सुरुवातीचा ‘स’ हा उपसर्ग. त्याचा अर्थ ‘वरून खाली’ किंवा ‘पासून अलग’. उरलेला भाग ‘घेणे’ या अर्थाच्या एका जुन्या धातूचा आहे. तो धातू आज एकटा वापरला जात नाही, उपसर्गांच्या आधारानेच जगतो. म्हणजे ‘स्न्यात्’ची घडण थेट ‘टेक ऑफ’सारखीच झाली! त्याच धातूपासून ‘व्ज्यात्’ म्हणजे घेणे, ‘प्रिन्यात्’ म्हणजे स्वीकारणे, ‘पद्न्यात्’ म्हणजे उचलणे, ‘अत्न्यात्’ म्हणजे हिरावून घेणे, ‘अब्न्यात्’ म्हणजे मिठी मारणे आणि ‘पन्यात्’ म्हणजे चक्क समजणे. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द एका ‘हृ’ धातूचे आहेत, हे ज्या शिक्षकांनी वर्गात फळ्यावर मांडले असेल त्यांना हे कुटुंब ओळखीचे वाटेल.

मग रशियन विद्यार्थ्याला ‘टेक ऑफ’ सोपेच जायला हवे. तसे होत नाही. पहिले कारण असे की हे साम्य टोपी आणि बुटांपाशीच संपते. विमान उडते तेव्हा रशियनमध्ये धातूच बदलतो: ‘व्ज्लितेत्’, म्हणजे ‘वर’ अधिक ‘उडणे’. धंदा भरभराटीला लागला तर तो ‘डोंगर चढू लागला’ असे म्हणतात. नक्कल करण्याला आणखी वेगळे क्रियापद. उलट बाजूने पाहावे, तर ‘स्न्यात्’ हा शब्द घर भाड्याने घेणे, चित्रपट किंवा छायाचित्र काढणे, खात्यातून पैसे काढणे यांसाठीही चालतो, आणि यांतल्या एकाही ठिकाणी इंग्रजीत ‘टेक ऑफ’ चालत नाही. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. बूट काढणे, फोटो काढणे, बँकेतून पैसे काढणे! आपले ‘काढणे’ रशियन ‘स्न्यात्’च्या किती जवळ आहे! शिवाय आपण रजाही काढतो; तिथे मात्र इंग्रजी माणूस एक दिवस ‘ऑफ’ घेतो, आणि रशियन वेगळी वाट धरतो. शब्दाला शब्द जोडून पाठ करणारा विद्यार्थी अशा जागी हमखास फसतो.

आमच्या मते यावर उपाय एकच: ‘टेक’कडे कमी आणि ‘ऑफ’कडे अधिक लक्ष द्यावे. पायापासून बूट, जमिनीपासून विमान, किमतीपासून दहा टक्के, कामापासून एक दिवस, जागेपासून माणूस. प्रत्येक ठिकाणी काहीतरी ज्याला चिकटून होते त्यापासून सुटते आहे. नक्कल करण्याचा अर्थ या चित्रात बसत नाही. तो ओढूनताणून बसवू नये, सरळ पाठ करावा.

दुसरी अडचण जागेची, आणि ती अधिक चिवट आहे. रशियन उपसर्ग धातूला पुढून चिकटलेला असतो, जागचा हलत नाही. इंग्रजी ‘ऑफ’ मागे असतो आणि फिरतोही. ‘टेक ऑफ युअर शूज’ बरोबर, ‘टेक युअर शूज ऑफ’ही बरोबर. पण बुटांऐवजी सर्वनाम आले की ‘टेक देम ऑफ’ एवढे एकच रूप उरते. ‘टेक ऑफ देम’ कोणी म्हणत नाही. असे का व्हावे? इंग्रजी वाक्यात सहसा नवी, वजनदार माहिती शेवटी येते आणि आघातही तिथेच पडतो. ‘देम’ म्हणजे आधीच माहीत असलेली, हलकी गोष्ट. ती मध्ये जाते आणि शेवटची जागा ‘ऑफ’ला मिळते. ‘लुक ॲट देम’ मोठ्याने म्हणून पाहा: ‘ॲट’वर जोर येत नाही, म्हणून तो साधे शब्दयोगी अव्यय राहतो आणि ‘देम’ त्याच्या मागे बसते. ही परीक्षा वर्गात दोन मिनिटांत होते आणि नियमापेक्षा जास्त लक्षात राहते.

उपसर्गाचे असे सुटे फिरणे फार विचित्र मानायचे कारण नाही. वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूपासून दूर, कधी त्याच्या मागेही येत असे. पाणिनीने उपसर्गाची जागा धातूच्या आधी ठरवली, पण वेदांसाठी ही सूट आवर्जून नोंदवली. नंतरच्या संस्कृतात तो चिकटला तो चिकटलाच. जर्मनमध्ये दोन्ही अवस्था एकत्र नांदतात: टोपी काढण्याचे क्रियापद शब्दकोशात ‘आबनेमेन’ असे जोडलेले सापडते, आणि साध्या वाक्यात त्यातला ‘आब’ सुटून थेट शेवटी जातो. इंग्रजीनेही काही जुने चिकट उपसर्ग जपले आहेत, जसे ‘अंडरस्टँड’, ‘ओव्हरकम’. बाकीच्या ठिकाणी मात्र गेल्या हजारेक वर्षांत ती मागच्या बाजूला सरकली.

या अडचणी टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे ही क्रियापदे वापरायचीच नाहीत. डॅगट आणि लाउफर या संशोधकांनी 1985 साली हिब्रू भाषक विद्यार्थ्यांमध्ये नेमके हेच पाहिले: एका शब्दाचे क्रियापद मिळत असेल तर ते जोडक्रियापद टाळत. हिब्रूत अशी रचना नाही. 1993 साली लाउफर आणि एलियासन यांनी स्वीडिश भाषकांचा अभ्यास केला, तेव्हा ही टाळाटाळ दिसली नाही; स्वीडिशमध्ये ही रचना आहे. रशियन या दोहोंच्या मध्ये पडते असे आम्हांला वाटते, कारण कल्पना ओळखीची पण मांडणी उलटी. शोधनिबंध वाचून इंग्रजी शिकलेला माणूस बुटांनाही ‘रिमूव्ह’ करतो. चूक नाही, पण घरात ते सूचनाफलकासारखे वाटते.

विमानांच्या जगात मात्र हा प्रश्न शैलीचा राहत नाही. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने धडकून 583 माणसे मेली. त्याआधी काही क्षण डच सहवैमानिकाने आपण आता ‘टेक ऑफ’वर आहोत अशा अर्थाचे काहीसे संदिग्ध वाक्य उच्चारले होते. विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे असा अर्थ नियंत्रकाने घेतला. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. त्यानंतर हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना वा रद्द करतानाच उच्चारावा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा दंडक झाला. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ कझाकस्तानचे इल्यूशिन आणि सौदी अरेबियाचे जंबो यांची आकाशात टक्कर होऊन 349 जण गेले. तिथे दोष ‘टेक ऑफ’चा नव्हता, पण कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते, आणि त्यामागे त्या चमूचे अपुरे इंग्रजी हेही एक कारण असल्याचे चौकशीत नोंदवले गेले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2003 साली वैमानिक व नियंत्रकांसाठी भाषेची पातळी ठरवली आणि 2008 पासून ती लागू झाली. त्या परीक्षेत ठरावीक वाक्ये पाठ असून भागत नाही. अडचणीच्या वेळी साध्या, बोलीतल्या इंग्रजीत बोलता आणि समजून घेता यावे लागते, आणि ते इंग्रजी अशाच जोडक्रियापदांनी भरलेले असते.