चिठ्ठीची गोळी, बिनचिठ्ठीची गोळी

वारीला निघायचे असते, घरात सत्यनारायण असतो, लेकीचे लग्न असते. आणि नेमकी तीच तारीख येते. मग सुप्यासारख्या गावात एखादी बाई औषधाच्या दुकानी जाते आणि हलक्या आवाजात ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ मागते. पुष्कळदा ती गोळी मिळते. प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. विषय संकोचाचा म्हणून आपण तो कुजबुजीवर सोपविला आहे. आज तो चारचौघांत, पण मर्यादेने, बोलावा असे आम्हांस वाटते.

दर महिन्यास बीजकोशातून बीज सुटले, की मागे राहिलेल्या आवरणाचा एक पिवळसर पिंड बनतो. त्यातून पाझरणारे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, ते प्रोजेस्टेरॉन. पेरणीपूर्वी रान तयार करावे तसे ते गर्भाशयाचे अस्तर तयार करते. गर्भ राहिला नाही तर पिंड सुकतो, संप्रेरक ओसरते आणि अस्तर गळते, हीच पाळी. तेव्हा बाहेरून ते पुरवीत राहिले तर अस्तर टिकते, आणि पुरवठा थांबविला की दोन-तीन दिवसांत पाळी येते. गोळीचे इंगित एवढेच.

१९३४ साली शास्त्रज्ञांनी हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. प्रारंभी ते अतिशय महाग होते. १९४० नंतरच्या काही वर्षांत रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील एका रानकंदापासून ते बनविले आणि किंमत कोसळली. आपले कोनफळ आणि कारंदा त्याच कुळातले. परंतु येथे एक भ्रम टाळावा. कंदातील द्रव्याचे प्रोजेस्टेरॉन कारखान्यात होते, शरीरात होत नाही. म्हणून अशा कंदाची भुकटी किंवा मलम ‘नैसर्गिक संप्रेरक’ म्हणून कोणी विकू लागला, तर पैसे गाठीशीच ठेवावेत.

पाळी लांबविणारी गोळी बहुधा नॉरेथिस्टेरॉनची असते. हे प्रोजेस्टेरॉनचे कृत्रिम भावंड. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यावयाची. जिच्या रक्तात पूर्वी गाठ झाली आहे, जिला यकृताचा विकार किंवा स्तनाचा कर्करोग आहे, जी गर्भवती असण्याचा संभव आहे, अथवा जिचा रक्तस्राव का होतो हे कळलेले नाही, तिने ती परस्पर घेऊ नये.

याच कुळातील लेव्होनॉर्जेस्ट्रेलची आणीबाणीची गोळी मात्र चिठ्ठीशिवाय मिळते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके बरे, अशी ती घ्यावयाची. राहिलेला गर्भ ती पाडीत नाही, आणि नित्याचे साधन म्हणून ती उपयोगाची नाही. नित्यासाठी सरकारी दवाखान्यांतून ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन २०१७ पासून विनामूल्य देण्यात येऊ लागले, तेही तपासणीनंतरच.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. २०१९ साली बीडमधील ऊसतोड करणाऱ्या बायांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीचा त्रास, बुडणारी मजुरी, कर्करोगाची घातलेली भीती, अशी कारणे पुढे आली. वस्तुतः अतिरक्तस्रावाचे कारण आधी शोधावे, मग औषध द्यावे. संप्रेरकांच्या गोळ्यांनी अनेकींचा त्रास आटोक्यात येतो. शस्त्र हा शेवटचा उपाय, आणि येथे अनेकींच्या वाट्यास तोच प्रथम आला.

एकीला गोळी न विचारता मिळते, दुसरीला गोळीचा पर्याय कोणी सांगतच नाही. दोघींनाही हवा असतो तो चार प्रश्न विचारणारा जाणता माणूस. चिठ्ठीचे खरे मोल त्या चार प्रश्नांत आहे. ते विचारून घेण्याची लाज आपल्या लेकीसुनांना वाटू नये, एवढे आपण घरी गेल्यावर जरूर पाहावे.