ट्रॅक्टर-ट्रॉलीचा आस आणि ब्रेक

ट्रॅक्टर-ट्रॉलीचा आस म्हणजे ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा आणि मालासह ट्रॉलीचा संपूर्ण भार चाकांवर सोपविणारा पोलादी दांडा होय. कारागिरांच्या बोलीत त्यास ‘ॲक्सल’ म्हणतात. शेतमालाच्या, विशेषतः उसाच्या, वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या पुष्कळ जुन्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. त्या थांबविण्याचे काम एकट्या ट्रॅक्टरला करावे लागते. ब्रेकचे ड्रम, पट्ट्या व त्यांना धरणारी तबकडी हे सर्व भाग आसाच्या टोकांवरच बसतात. त्यामुळे झिजलेला आस बदलण्याची वेळ हीच ट्रॉलीला ब्रेक जोडण्याचीही सर्वांत सोयीची वेळ ठरते.

पार्श्वभूमी

मराठीत बैलगाडीच्या आसाला ‘कणा’ किंवा ‘आख’ असेही म्हणतात. जुन्या लाकडी गाडीत आस स्थिर असे व त्याभोवती तुंबा, आरे आणि लोखंडी धाव असलेले चाक फिरे. घर्षण कमी करण्यासाठी वंगण घालण्यापलीकडे त्या रचनेत फारसे काही नव्हते. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे असे टायर बैलगाडीलाही बसू लागले आणि टायरची गाडी ‘डनलॉप गाडी’ या नावानेच ओळखली जाऊ लागली. रबरी टायर व बेअरिंग यांमुळे गाडी ओढणे सोपे झाले. परंतु जी गाडी सहज ओढली जाते, ती उतारावर तितक्याच सहजपणे पुढेही ढकलली जाते. ब्रेकची गरज या बदलाबरोबरच वाढली.

कोल्हापूर जिल्हा पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वारणा आदी नद्यांच्या खोऱ्यांतील ऊसशेतीसाठी प्रसिद्ध आहे. कसबा बावडा, कुडित्रे, परिते, बिद्री, कागल, हुपरी, शिरोळ, वारणानगर इत्यादी ठिकाणी सहकारी साखर कारखाने आहेत. पावसाळा सरल्यावर सुरू होणारा गळीत हंगाम साधारणपणे मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. या काळात ट्रक, बैलगाड्या, ट्रॅक्टरमागे जोडलेल्या छोट्या टायरगाड्या आणि एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या अशा अनेक वाहनांतून ऊस कारखान्याकडे नेला जातो. यांपैकी बरीच वाहतूक रात्री होते. ऊसतोड मजूर व त्यांची कुटुंबे पुष्कळदा याच वाहनांवर बसून प्रवास करतात.

कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर तसेच शिरोली व गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहती ओतकाम आणि यंत्रभागांसाठी ओळखल्या जातात. ट्रॉलीची बांधणी व दुरुस्ती करणाऱ्या लहान कार्यशाळा मात्र तालुक्याच्या गावांतही आढळतात. हंगाम संपल्यानंतरचे महिने हा दुरुस्तीचा काळ असतो.

रचना

ट्रॉली दोनचाकी किंवा चारचाकी असते. दोनचाकी ट्रॉलीला एकच आस असतो आणि तिच्या भाराचा काही अंश ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. चारचाकी ट्रॉलीला दोन आस असतात. पुढचा आस फिरत्या चकतीवर बसविलेला असतो. या चकतीला ‘टर्नटेबल’ म्हणतात. तिच्यामुळे ओढदांडीबरोबर पुढची चाके वळतात.

आस भरीव चौकोनी पोलादाचा किंवा जाड नळीचा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना गोल खुंट्या असतात. प्रत्येक खुंटीवर आतील व बाहेरील अशी दोन निमुळती रोलर बेअरिंगे, त्यांवर हब आणि हबच्या बोल्टांवर चाक अशी मांडणी असते. आस व ट्रॉलीची चौकट यांच्यामध्ये स्प्रिंगचे पाटे असतात. हे पाटे यू-बोल्टांनी आसाला घट्ट आवळलेले असतात.

भरलेल्या ट्रॉलीचे वजन पाट्यांवाटे आसाच्या मधल्या भागावर येते आणि जमिनीची प्रतिक्रिया चाकांवाटे त्याच्या टोकांवर येते. त्यामुळे आस मध्यभागी खाली वाकू पाहतो. त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा भाग ताणला जातो. तडा बहुधा या ताणलेल्या खालच्या बाजूने सुरू होतो. म्हणून आसाच्या खालच्या अंगास वेल्डिंग करणे, भोक पाडणे किंवा खाच घेणे धोक्याचे असते.

ब्रेकची आवश्यकता

गतिमान वस्तूची ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १० टन वजनाच्या ट्रॉलीची ऊर्जा सुमारे १५४ किलोज्यूल असते. वेग ताशी ३० किलोमीटर झाला की ती सुमारे ३४७ किलोज्यूल, म्हणजे सव्वादोन पट होते. थांबताना ही सर्व ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्च व्हावी लागते.

बहुतेक शेती ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागील चाकांना असतात. उदाहरणादाखल ट्रॅक्टरचे वजन २.५ टन, त्यापैकी मागील चाकांवरील भार २ टन आणि टायर व रस्ता यांच्यातील घर्षणांक ०.५ धरल्यास ट्रॅक्टर जास्तीत जास्त सुमारे ९.८ किलोन्यूटन इतके रोधक बल देऊ शकतो. त्याच्यामागे १० टनांची बिनब्रेकची ट्रॉली असेल, तर सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगावरून थांबण्यास जवळजवळ २० मीटर आणि ताशी ३० किलोमीटरवरून सुमारे ४४ मीटर लागतील. ट्रॉलीच्या चाकांनी स्वतःच्या वजनाच्या तीन-दशांश इतके रोधक बल दिल्यास हीच अंतरे अनुक्रमे सुमारे ५ व ११ मीटरवर येतात. चालकास धोका कळून ब्रेक लागेपर्यंत कापले जाणारे अंतर यात धरलेले नाही.

उतारावर फरक आणखी ठळक होतो. २० मीटरला १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर वरील जोडवाहनाचे वजनच त्यास सुमारे ६.१ किलोन्यूटन बलाने पुढे लोटते. चाकांचा किरकोळ गतिरोध सोडल्यास ट्रॅक्टरच्या रोधक बलातील जेमतेम ३.७ किलोन्यूटन शिल्लक राहते आणि ताशी २० किलोमीटरवरून थांबण्यास ५० मीटरांहून अधिक अंतर लागते. रस्ता ओला असल्यास किंवा उतार अधिक असल्यास वाहन मुळीच न थांबण्याची शक्यता असते.

दुसरा धोका दुमडण्याचा आहे. वळणावर ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला असता मागची ट्रॉली हुकाला तिरका रेटा देते. ट्रॅक्टर आडवा होतो व उलटू शकतो. ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी स्वतंत्र ब्रेक-पायटे असतात. शेतात वळण घेण्यासाठी ते उपयुक्त असले, तरी रस्त्यावर दोन्ही पायटे खिटीने एकत्र जोडलेले असणे आवश्यक असते. अन्यथा एकाच चाकाचा ब्रेक लागून ट्रॅक्टर बाजूला फेकला जातो.

ब्रेकचे प्रकार

हातब्रेक : दांडा ओढून तारेने किंवा सळईने पट्ट्या ड्रमला घासविल्या जातात. उभी ट्रॉली जागेवर धरण्यास हा उपयोगी आहे. चालत्या वाहनास थांबविण्यास तो पुरेसा नाही.

रेट्याने लागणारा ब्रेक : ट्रॅक्टर मंदावताच ट्रॉली पुढे सरकते, ओढदांडीतील सरकता भाग दाबला जातो व त्या दाबाने ट्रॉलीचे ब्रेक लागतात. ही रचना साधी व स्वस्त असते. मात्र वाहन मागे घेताना ती बंद करण्याची सोय लागते, आणि जड ट्रॉलीसाठी ती अपुरी पडते.

द्रवचलित ब्रेक : तेलाचा दाब ट्रॅक्टरकडून नळीवाटे ट्रॉलीच्या चाकांपर्यंत जातो. गळती व नळीत शिरलेली हवा हे याचे मुख्य शत्रू होत.

हवेचा ब्रेक : ट्रॅक्टरवर हवा दाबणारा पंप आणि ट्रॉलीवर हवेची टाकी असते. दोन नळ्यांच्या पद्धतीत पुरवठ्याची नळी तुटल्यास ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात. ही सुरक्षितता जड वाहतुकीत फार मोलाची असते.

एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतील, तर शेवटच्या ट्रॉलीचा ब्रेक किंचित आधी लागणे इष्ट असते. त्यामुळे सर्व जोडणी ताणलेली राहते व दुमडत नाही.

आस बदलण्याची लक्षणे

चाके वरच्या बाजूने आत झुकलेली दिसणे व टायर आतील कडेने झिजणे ही आस मध्यभागी खाली वाकल्याची खूण आहे. चालून आल्यावर एखादा हब इतरांपेक्षा अधिक तापणे, त्यातून ग्रीस बाहेर येणे, चाक उचलून हलविले असता खडखडणे किंवा बेअरिंगच्या जागी खुंटी झिजून सैल होणे ही इतर लक्षणे होत. वाकलेला आस तापवून सरळ केल्यास पोलादाचे गुणधर्म बदलतात. तडा गेलेल्या आसास वेल्डिंग करून पुन्हा वापरणेही असुरक्षित असते.

आसाची निवड

नवा आस निवडताना पुढील मापे जुळवावी लागतात : आसाची भारक्षमता, दोन्ही चाकांमधील अंतर, पाट्यांच्या दोन बैठकींमधील अंतर, हबवरील बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास, रिमचे माप आणि ब्रेकच्या ड्रमसाठी रिमच्या आत मिळणारी जागा. भारक्षमता ठरविताना रिकाम्या ट्रॉलीचे वजन व प्रत्यक्षात भरला जाणारा माल यांची बेरीज धरावी लागते. जुन्या ट्रकचा ब्रेकसह आस वापरण्याची पद्धतही आढळते. अशा वेळी ड्रमची झीज, खुंट्यांची स्थिती आणि सुटे भाग मिळण्याची शक्यता तपासणे अगत्याचे असते.

बदलण्याची रीत

१. ट्रॉली रिकामी करून सपाट, टणक जागेवर उभी केली जाते. न उचलायच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले जातात. दोनचाकी ट्रॉलीची ओढदांडीही भक्कमपणे टेकविली जाते.

२. चाकांचे नट सैल करून मगच ट्रॉली जॅकने उचलली जाते व चौकटीखाली पक्के स्टँड दिले जातात. केवळ जॅकच्या आधारावर ट्रॉलीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते.

३. चाके काढून यू-बोल्ट सोडले जातात व जुना आस बाहेर काढला जातो. पाटे, त्यांचा मधला बोल्ट व कड्या यांची तपासणी याच वेळी होते. यू-बोल्ट शक्यतो नवे घेतले जातात.

४. नवा आस पाट्यांखाली किंवा पाट्यांवर, मूळ रचनेप्रमाणे बसविला जातो. एकआसी ट्रॉलीत हुकाच्या छिद्रापासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे समान आहेत, याची खात्री करून घेतली जाते. ती असमान राहिल्यास ट्रॉली तिरकी चालते व टायर झिजतात.

५. बेअरिंगांत ग्रीस भरून हब चढविला जातो. हब फिरवीत नट आवळला जातो, नंतर किंचित सैल केला जातो आणि खिळ घालून पक्का केला जातो. अति आवळलेले बेअरिंग तापून जळते. अति सैल असल्यास चाक डुलते.

६. ब्रेकच्या पट्ट्या, कॅम किंवा तेलाचे सिलिंडर, नळ्या व ड्रम जोडले जातात. वळताना नळी ताणली जाणार नाही आणि टायरला घासणार नाही इतकी तिची लांबी ठेवली जाते.

जुळवणी व चाचणी

दोन्ही बाजूंचे ब्रेक एकाच वेळी व समान बलाने लागणे महत्त्वाचे असते. पट्ट्या ड्रमला सतत घासत नाहीत इतपत अंतर ठेवून जुळवणी केली जाते. पहिली चाचणी रिकाम्या ट्रॉलीने, कमी वेगाने व मोकळ्या जागेत घेतली जाते. त्यानंतर भार टप्प्याटप्प्याने वाढविला जातो. पहिल्या भरल्या खेपेनंतर यू-बोल्ट व चाकांचे नट पुन्हा आवळले जातात आणि प्रत्येक हबचे तापमान पाहिले जाते. हुकाची पिन निसटल्यास ट्रॉली मोकळी सुटू नये म्हणून ट्रॅक्टर व ट्रॉली यांमध्ये स्वतंत्र साखळीही जोडली जाते.

ब्रेक बसविल्याने आसाची भारक्षमता वाढत नाही. ट्रॉली अधिक लवकर थांबू लागली म्हणून तिच्यात अधिक ऊस भरणे हे ब्रेकचा लाभ नाहीसा करण्यासारखे आहे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ट्रेलरचा समावेश ‘मोटार वाहन’ या व्याख्येत केलेला आहे. या अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये नोंदणीकृत वाहनाच्या रचनेत बदल करण्यावर निर्बंध घातलेले आहेत. वेगळ्या क्षमतेचा किंवा वेगळ्या रचनेचा आस बसविण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे म्हणूनच हितावह ठरते. वाहनांच्या ब्रेकसंबंधीच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत.

इतर ट्रेलर

मोटारीमागे जोडल्या जाणाऱ्या प्रवासी निवासी ट्रेलरांनाही, ज्यांना ‘कॅरॅव्हॅन’ म्हणतात, हेच भौतिक नियम लागू होतात. युरोपात ७५० किलोग्रॅमपर्यंतच्या एकूण वजनाचे हलके ट्रेलर बिनब्रेकचे चालतात. त्याहून जड ट्रेलरांना ब्रेक आवश्यक असून तेथे रेट्याने लागणारा ब्रेक प्रचलित आहे. अमेरिकेत विद्युतचुंबकाने लागणारे ड्रम ब्रेक अधिक आढळतात. काही कॅरॅव्हॅनांच्या आसात पाट्यांऐवजी रबरी दांड्यांची योजना असते. ते रबर कालांतराने कडक होते किंवा दबते व त्याची दुरुस्ती होत नसल्याने संपूर्ण आसच बदलावा लागतो. जुन्या कॅरॅव्हॅनला ब्रेक जोडण्याचे कामही बहुधा अशा आस-बदलाच्या वेळीच केले जाते.